टाकीवर ‘पेट्रोमॅक्स’ लिहिलंय म्हणून बत्ती जर्मन होत नाही, आणि बफिंग तेवढं थांबवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोहोळ तालुक्यात आजोळच्या घरी माळ्यावर एक गॅसबत्ती सापडली, टाकीवर पुसट पुसट पेट्रोमॅक्स, ८२९, ५०० सी.पी. आणि मेड इन जर्मनी दिसतंय, भंगारवाला किलोवर मागतोय, शेजारी म्हणतात शंभर वर्षांची अँटिक आहे लाखात जाईल, मामा म्हणतात आधी बफिंग मारून चकाचक करू मग बघू. आणि तुम्हाला विकायचीच नाहीय, तुम्हाला ती कुठली आणि कुठल्या सालची हे कळून घ्यायचंय, जमलं तर अशा आणखी गोळा करायच्यात. बरोबर ना?

मी सोलापुरातच स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्त करत आलोय, आमच्या दुकानातून लग्नाला, भजनाला, गड्ड्याच्या जत्रेतल्या पालांना बत्त्या भाड्यानं जायच्या, त्यामुळं मी सांगतो ते जास्त करून हातानं खोललेल्या बत्त्यांवरून सांगतो. फोटो न बघता साल सांगणारा माणूस भेटला तर त्याला लांबूनच नमस्कार करा. मीही सांगणार नाही. पण कसं शोधायचं ते नीट सांगतो.

तुम्ही विचारलंय ‘ही बत्ती कधीची’, तर तिथंच खरी गोम आहे. बत्ती ही एक वस्तू नसते ओ. टाकी एक, पंप दुसरा, बर्नरची नळी तिसरी, वरचं टोपण चौथं, काच तर कितवी ते देवाला ठाऊक. भाड्याच्या धंद्यात काय व्हायचं, रात्रीच्या वरातीतून बत्त्या पहाटे परत यायच्या, एकीची काच फुटलेली, एकीचं टोपण चेपलेलं, एकीचा पंप बसलेला, आणि संध्याकाळी दुसरी वरात उभीच. मग काय, हिचं टोपण तिला, तिचा पंप हिला. ८२९ हा पेट्रोमॅक्सचा मॉडेल नंबर, त्याच्या पॅटर्नवर इतक्या कारखान्यांनी बत्त्या काढल्या की बरेचसे पार्ट एकमेकांना बसतात. म्हणून प्रत्येक पार्टचं वय वेगळं बघायचं, आणि शेवटी निकाल टाकीवर द्यायचा, कारण टाकी सहसा कुणी बदलत नाही. टाकी गेली की बत्तीच भंगारात जाते.

आता नावाचं. आपल्याकडं कुठल्याही गॅसबत्तीला सरसकट पेट्रोमॅक्स म्हणतात, मग ती चिनी असो नाहीतर देशी. इंग्लंडमध्ये तसंच टिली म्हणतात. मूळ पेट्रोमॅक्स बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ या कंपनीचा. कंपनी १८६६ ची, सुरुवात साध्या दिव्यांच्या बर्नरची, पुढं माक्स ग्रेट्झच्या काळात १९१० च्या सुमाराला ही दाबाची रॉकेल बत्ती आली, पेट्रोलियममधला पेट्रो आणि त्याचं माक्स. कारखाना बर्लिनच्या ट्रेप्टो भागात. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग रशियनांच्या ताब्यातल्या बर्लिनमध्ये गेला आणि ग्रेट्झ मंडळींनी पश्चिम जर्मनीत आल्टेना गावी नव्यानं बस्तान मांडलं, तिथं त्यांनी रेडिओ, टीव्हीसुद्धा काढले. हा सगळा इतिहास तुम्हाला कशाला, तर टाकीवर किंवा कागदावर बर्लिन दिसलं तर तो जवळजवळ नक्की युद्धाआधीचा माल, आल्टेना दिसलं तर नंतरचा. आणि नुसतं पेट्रोमॅक्स दिसलं, कंपनी नाही गाव नाही, तर अजून काहीच ठरत नाही.

कारण युद्धात जर्मन माल यायचा बंद झाला, स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली, आणि बत्त्यांची गरज तर गावोगावी होती. मग देशात तशाच बत्त्या बनायला लागल्या, नंतर चिनी आल्या. काहींनी प्रामाणिकपणे स्वतःचं नाव घातलं, काहींनी पेट्रोमॅक्समधलं एखादं अक्षर इकडचं तिकडं केलं, काहींनी जर्मन पॅटर्न असं लिहून त्यातला ‘जर्मन’ मोठ्या अक्षरात काढला. म्हणून तुमचा पहिला अभ्यास हाच, पुसट अक्षरं अक्षर न अक्षर वाचा. वाचायचं कसं? रात्री खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च टाकीला अगदी आडवा धरा, समोरून नाही, बाजूनं, म्हणजे खोलगट अक्षरात सावली पडते आणि दिवसा न दिसलेलं दिसतं. तरी नाही लागलं तर पातळ बटर पेपर टाकीवर ताणून धरा आणि मऊ पेन्सिल आडवी घासा, ठसा कागदावर येतो. फोटोपेक्षा हा ठसा बरा, मी अजून वहीत असेच ठसे चिकटवून ठेवतो.

अक्षरांत काय शोधायचं. ५०० सी.पी. म्हणजे कँडल पॉवर, हा परदेशी बाजारासाठीचा माल, जर्मनीत घरच्यासाठी एच.के. लिहायचे, म्हणजे हेफनरकेर्त्सं, तिकडचं मेणबत्तीचं जुनं माप. भारतात आलेली बत्ती बहुतेक सी.पी. वालीच असते, एच.के. असेल तर ती कुणीतरी बाहेरून हातात घेऊन आलेली असू शकते. डी.आर.पी. असेल तर जर्मन साम्राज्याचं पेटंट, ही पद्धत १९४५ बरोबर संपली. डी.आर.जी.एम. म्हणजे किरकोळ सुधारणेची नोंदणी, ती १८९१ पासून सुरू होती आणि तिची मुदत तीन वर्षं, वाढवून आणखी तीन. डी.बी.पी. असेल तर ते पश्चिम जर्मनीचं पेटंट, म्हणजे युद्धानंतरचं. मेड इन जर्मनी हे शब्द १८८७ च्या इंग्रजी कायद्यामुळं मालावर यायला लागले त्यामुळं त्यावरून काही साल निघत नाही, पण मेड इन वेस्टर्न जर्मनी किंवा डब्ल्यू जर्मनी असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. पेटंटचा नंबर दिसला तर मात्र लॉटरी लागली म्हणा, युरोपियन पेटंट ऑफिसची एस्पेसनेट ही साईट फुकट आहे, तिथं नंबर टाकला की बऱ्याच वेळा मूळ कागद आणि ड्रॉइंग निघतं. एक लक्षात ठेवा, पेटंटचं साल हे बत्तीचं साल नव्हे. बत्ती त्याच्यानंतरची, एवढंच.

दुसरी खूण मुलामा. जुन्या चांगल्या बत्तीची टाकी पितळेची आणि वर निकेल. निकेलची चमक जरा पिवळसर, उबदार असते, क्रोमची निळसर आणि थंड. दोन्ही शेजारी धरल्या की पोरगं पण सांगेल. शोभेचं क्रोम बाजारात रुळलं ते १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, तेव्हा शेजारी म्हणतात तशी शंभर वर्षांची असेल तर मूळ मुलामा निकेलच पाहिजे. लोहचुंबक लावून बघा, कडकडून चिकटला तर टाकी लोखंडी, म्हणजे स्वस्तातला नंतरचा माल. हलकीशी ओढ जाणवली तर घाबरू नका, निकेललाही चुंबक थोडा ओढतो.

आता जी खूण जर्मन पुस्तकांत मिळणार नाही ती सांगतो, कारण ती आपली आहे. आपल्याकडं भांड्यावर नाव घालायची पद्धत, ठिपक्या ठिपक्यांनी. बत्त्यांवर पण घालायचे. देवळाच्या, भजनी मंडळाच्या, तालमीच्या बत्त्यांवर तर हमखास. माझ्याकडं एक आहे, टाकीच्या खांद्यावर पंपाच्या अगदी बाजूला ‘श्री मारुती’ आणि खाली ‘शके १८७०’, शेवटचं शून्य जागा संपली म्हणून बारीक काढलेलं. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १९४८, वर्षाअखेरच्या महिन्यांत असेल तर १९४९. आपला जिल्हा निजामाच्या मुलखाला लागून, तुळजापूर, नळदुर्ग तिकडंच, त्यामुळं त्या बाजूनं आलेल्या बत्तीवर फसली सन, म्हणजे निजामाकडचं महसुली साल, असू शकतो. त्यात ५९० मिळवायचे, फसली १३५५ म्हणजे १९४५ च्या आसपास. हा फरक नाही कळला तर माणूस १३५५ बघून चक्रावतो नाहीतर तो पार्ट नंबर समजून सोडून देतो.

नुसतं साल वाचून थांबू नका, त्या ठिपक्यांत भिंगानं बघा. ठिपक्याच्या तळाशी पितळ दिसतंय, काळपटलेलं, आणि कडेला निकेल तुटलेलं दिसतंय, तर नाव मुलाम्यानंतर पडलं आणि मुलामा मूळचा आहे. पण ठिपक्याच्या आतपर्यंत गुळगुळीत चमक गेलीय, तर टाकीला नंतर कुणीतरी पुन्हा मुलामा दिलाय. एवढ्याशा ठिपक्यात एवढं कळतं. आणि तुमचे मामा जे बफिंग म्हणतात ना, त्यात पहिलं हेच जातं. बफिंगच्या चाकाला निकेल काय, शिक्का काय, नाव काय, सगळं सारखंच, दोन मिनिटांत अक्षरांच्या कडा गोल आणि ठिपके सपाट. चिंच मीठ, भांड्याची पावडर, ब्रासो, यातलंही काही लावू नका. थोडं रॉकेल, मऊ फडकं, जुना टूथब्रश, कोमट साबणाचं पाणी, आणि लगेच कोरडं करणं, एवढ्यात जेवढं निघेल तेवढंच काढायचं. काळपट राहिलं तर राहू द्या. जुनी बत्ती नव्यासारखी चमकावी हा हट्ट मला कधीच पटला नाही, पण तो आवडीचा भाग झाला. शिक्का पुसणं हा मात्र आवडीचा भाग नाही, तो पुरावा नष्ट करणं आहे.

घरात अजून काय आहे ते धुंडाळा. बत्तीचं खोकं, माहितीचा कागद, दुकानाचं बिल, काहीही. किंमत आण्यांत असेल तर १९५७ च्या आधीची, कारण तेव्हा दशमान नाणी आली, ‘नये पैसे’ लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४. मापं पाइंटमध्ये आहेत का लिटरमध्ये, लिटर आपल्याकडं १९५८ नंतर हळूहळू रुळला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आय.एस.आय. चा शिक्का असेल तर ती संस्थाच १९४७ ची, तेव्हा त्याआधीचा प्रश्नच येत नाही. आणि आज्जी, मोठे मामा, गावातले म्हातारे यांना विचारा की बत्ती घरची होती का कुठल्या मंडळाची येऊन राहिली, लाईट गावात येण्याआधी आली का नंतर. घरची, फक्त दिवाळी आणि लग्नकार्याला निघणारी बत्ती असेल तर तिचे पार्ट मूळचे असण्याची शक्यता जास्त. भाड्याची असेल तर वर सांगितलं तसं.

थोडक्यात आत्तापर्यंत, टाकी वाचा, मुलामा ओळखा, नाव आणि शक बघा, कागद शोधा. यातून बहुतेक वेळा ‘या सालानंतरची आणि या सालाआधीची’ असा एक पट्टा मिळतो. दहा पंधरा वर्षांचा पट्टा मिळाला तरी मी खूश असतो. नेमकं साल काही थोड्याच कंपन्या देतात.

त्या कंपन्या कुठल्या ते सांगतो, पुढं जमवायला लागाल तेव्हा कामाला येईल. स्वीडनचा प्रायमस, स्टॉकहोमच्या बी. ए. ह्योर्थ कंपनीचा, यांनी १९११ पासून वर्षाला एक अक्षर घालायची पद्धत ठेवली, ए म्हणजे १९११ आणि तिथून पुढं. त्यांचा स्टोव्ह १८९२ चा, लिंडक्विस्ट नावाच्या माणसाचा, आपल्या आयांनी ज्यावर स्वयंपाक केला ते सगळे स्टोव्ह त्याचीच पिलावळ. १९६२ मध्ये प्रायमसचा रॉकेलच्या स्टोव्ह-बत्त्यांचा धंदा ऑप्टिमस या कंपनीकडं गेला, तिथं एक रेघ मारता येते. अमेरिकेच्या विचिटाची कोलमन, त्यांच्या बऱ्याच कंदिलांच्या तळाशी महिना आणि वर्षाचे आकडेच ठोकलेले असतात, संग्राहकाची मजाच. पण कोलमनचे बहुतेक कंदील पेट्रोल जातीच्या इंधनाचे, त्याला बघून आपल्या बत्तीत पेट्रोल ओतायचा विचारसुद्धा करू नका. इंग्लंडच्या हॅलिफॅक्सची विलिस अँड बेट्स, त्यांचा व्हेपालक्स, लष्करासाठी बनलेल्यावर साल आणि बाणाची खूण असते. लाइपझिगची हासाग, या कंपनीनं युद्धात छळछावण्यांतल्या कैद्यांकडून शस्त्रं बनवून घेतली आणि युद्धानंतर कारखाना मोडला, त्यांची बत्ती मिळाली तर ती नुसती छान वस्तू म्हणून कपाटात ठेवायची नाही, तिच्या चिठ्ठीवर हे पण लिहायचं असं माझं मत आहे. चिनी मालात सी अँकर, ८२९ च्याच ढंगातल्या, जळायला वाईट नसतात, पण कुणी जुनी जर्मन म्हणून विकत असेल तर हात जोडा.

मेंटल म्हणजे बर्नरला बांधायची ती जाळीची पिशवी, जी तापून लख्ख उजेड देते. त्याच्याबद्दल दोन शब्द, कारण त्याच्याशिवाय बत्ती म्हणजे नुसता डबा. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख यानं १८८५ मध्ये पेटंट घेतलं आणि १८९१ मध्ये ९९ भाग थोरियम, १ भाग सेरियम हे प्रमाण बसवलं, त्यानंतर कित्येक वर्षं जगभर तेच. गंमत म्हणजे हे थोरियम मिळायचं ज्या मोनाझाइट वाळूतून ती त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली १९०९ मध्ये, शोम्बर्ग नावाच्या जर्मन केमिस्टला, आणि लगेच जर्मन कंपनी तिथं खणायला आली. म्हणजे बत्ती बर्लिनची, उजेड आपल्या वाळूचा. पण थोरियम किरणोत्सारी आहे, म्हणून माळ्यावरच्या बत्तीत जुना मेंटल राखेसारखा लटकत असेल तर फुंकर मारून उडवू नका. तोंडाला फडकं बांधा, ओल्या कागदानं टिपून पिशवीत घाला, हात धुवा. घाबरायचं कारण नाही, ती राख श्वासातून किंवा तोंडातून आत जाऊ द्यायची नाही एवढंच. आतल्या जुन्या दोऱ्या, वॉशर यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते पण कोरडं खरवडू नका.

आता ‘पेटवून बघू का’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात आला असणारच. हे बत्तीच्या तब्येतीवर आहे. टाकीला कुठं डाग दिलेला, म्हणजे कथलानं जोडलेलं असेल, तळाला हिरवट गंज असेल, खांद्याच्या जोडाला चीर असेल, तर पेटवू नका, शोभेला ठेवा. टाकी धडधाकट वाटली तर आधी नुसती हवा भरून बघायची, रॉकेल न घालता. पंपाचं चामड्याचं वॉशर वाळून कडक झालेलं असतं, ते काढून मशीन ऑइलमध्ये रात्रभर भिजवा, खोबरेल नको, थंडीत थिजतं. मग थोडी हवा, आणि सगळ्या जोडांना साबणाचं पाणी, बुडबुडे येतात का बघा. दाब दाखवणारं मीटर असेल तर तांबड्या रेघेच्या पुढं जायचं नाही, आणि जुन्या मीटरवर विश्वास पण ठेवायचा नाही, काटा अडकलेला असतो, हाताला पंप जड लागला की थांबायचं. पंपाच्या बुडाशी जो व्हॉल्व्ह असतो तो गळत असेल तर दांडा आपोआप वर येतो, तो नीट होईपर्यंत पुढं सरकू नका.

बत्ती चालते कशी ते माहीत असलं की भीती कमी होते आणि काळजी वाढते, दोन्ही चांगलं. हवेच्या दाबानं रॉकेल नळीत चढतं, नळी तापलेली असली की त्याची वाफ होते, ती वाफ निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटते, हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये जळते, आणि त्याच आचेनं नळी तापलेली राहते. म्हणजे सुरुवातीची ऊब आपल्याला द्यावी लागते, वाटीत स्पिरिट घालून किंवा रॅपिडवाली असेल तर रॅपिडनं, म्हणजे टाकीलगतच्या ज्योत फेकणाऱ्या छोट्या फुंकणीनं, साधारण दीड मिनिट. लोक घाई करतात, नळी नीट तापायच्या आत सोडतात, मग वाफेऐवजी कच्चं रॉकेल वर येतं आणि भडका उडतो. बत्त्यांच्या भडक्याच्या ज्या गोष्टी गावात ऐकता त्यातल्या बऱ्याच अशाच. तसं झालं तर टाकीच्या बुचावरचा स्क्रू सोडून हवा काढायची, पळत सुटायचं नाही, पाणी तर मारायचंच नाही. आणि पहिल्यांदा पेटवायची ती अंगणात, छपराखाली नाही, कुणीतरी जाणता बाजूला असताना. टाकीला डाग द्यायचा असेल तर तो घरी करू नका, रॉकेलची वाफ राहिलेल्या टाकीला आच लावणं म्हणजे थट्टा नाही.

किंमत. शेजाऱ्यांचं लाखाचं सोडून द्या. अशा बत्त्या आपल्याकडं हजारोंनी आल्या आणि हजारोंनी बनल्या, दुर्मीळ म्हणावं असं ८२९ मध्ये फारसं काही नाही. भंगारवाला दोन सव्वादोन किलो पितळेचा हिशोब करतो, तो त्याच्या जागी बरोबर. मधला भाव कशावर, तर शिक्का स्पष्ट आहे का, पार्ट एका घराचे आहेत का, मूळ काच आहे का, कागद आहे का, आणि घेणारा कोण आहे. हॉटेलच्या शोभेसाठी घेणाऱ्याला चकाकी पाहिजे, त्याला इतिहास नको. खऱ्या संग्राहकाला उलटं. काचेवर जेना किंवा शॉट असं नाव कोरलेलं असेल तर ती काच जीव लावून सांभाळा, ती उष्णता सहन करणारी जर्मन काच, टाकीइतकीच मोलाची. शंभर वर्षांचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरच्या वस्तूला वेगळे नियम लागतात, देशाबाहेर पाठवायची झाली तर आधी चौकशी करा, तुमच्या बाबतीत मला ती वेळ येईल असं वाटत नाही.

जमवायचं असेल तर सोलापुरात सुरुवात बाजारातून करू नका. बाजारात येईपर्यंत बत्ती खोलून, घासून, तिची गोष्ट पुसून आलेली असते. जुने मंडपवाले, बँडवाले, लाऊडस्पीकरवाले, देवळांच्या कोठ्या, पंढरपूरच्या वाटेवरचे दिंडीवाले, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्यातली जुनी हार्डवेअरची दुकानं, तिथं विचारा. तिथं बत्तीबरोबर माणूस पण भेटतो, कुणी आणली कुठून आणली सांगणारा. देवळाची बत्ती असेल तर मात्र पंचांना विचारल्याशिवाय, पावती केल्याशिवाय उचलू नका, मग ती गंजत पडलेली का असेना. जुन्या जाहिराती बघायच्या तर हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा, जुन्या मासिकांत आणि दिवाळी अंकांत जाहिरातींची पानं असतात, लोक लेख वाचतात आणि ती पानं उलटतात, आपण नेमकं उलट करायचं.

आणि एक आगाऊ सल्ला, मानला तर मानला. सगळे जर्मन आणि स्वीडिश नावांमागं पळतात, त्यांचा इतिहास तिकडच्या लोकांनी बारीकसारीक लिहून ठेवलाय. आपल्याकडच्या कारखान्यांचा कुणी लिहिलेला नाही. कराडजवळ ओगलेवाडीला १९१६ मध्ये ओगल्यांचा काच कारखाना निघाला, त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घराघरात होता. तो वातीचा कंदील, दाबाची बत्ती नव्हे, लोक दोन्हींत घोटाळा करतात. पण पाठीमागं बघा, काच कुठली, पत्रा कुठला, ठसा कधी बदलला, कागदावरचा पत्ता कधी बदलला, हे कुणीतरी कंदील हातात घेऊन ओळीनं लावायला पाहिजे. कराडचं रेल्वे स्टेशन ओगलेवाडीलाच आहे, जाऊन बघायला अवघड नाही. तसंच देशी पेट्रोमॅक्स बनवणाऱ्या छोट्या छोट्या वर्कशॉपचं, त्यांचे शिक्के आज भंगारात किलोवर चाललेत. तुमच्या हातातली बत्ती उद्या जर्मन न निघता देशी निघाली तर नाराज होऊ नका, मला विचाराल तर तीच जास्त कामाची, तिच्याबद्दल जगात कुणाला काही माहीत नसेल आणि तुम्ही शोधाल ते नवीन असेल.

फोटो टाकाल तेव्हा एवढे टाका. टाकीवरच्या अक्षरांचा बाजूनं उजेड टाकून, टाकीचा तळ, पंपाच्या गोल टोपीवर काही लिहिलंय का तो, बुचाचा वरून, टोपणाच्या आतून, आणि काचेच्या कडेचा जिथं कंपनीचं बारीक नाव असतं तिथला. ठिपक्यांचं नाव असेल तर भिंगातून एक. मोबाईलच्या फिल्टरनं उजळ करू नका, काळपट आहे तसंच पाहिजे. रॅपिडचा खटका आहे का नाही, आणि तो हलतो का, तेवढं लिहून टाका, आपल्या भागात बऱ्याच जणांनी तो बंद करून स्पिरिटची वाटीच वापरलीय आणि त्यावरून पण बत्ती कुणाच्या हातात होती याचा थोडा अंदाज येतो.